ट्रान्सपोझॉनचा अभ्यास करताना या चुका टाळा

ट्रान्सपोझॉन म्हणजे जीनोममध्ये (पेशीच्या संपूर्ण डीएनएमध्ये) जागा बदलू शकणारा डीएनएचा तुकडा, म्हणजेच घटक. हा घटक हलतो कसा आणि त्याच्या प्रती वाढतात कशा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बहुतेक विद्यार्थी दोन्हींना एकच उत्तर देतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

'कट-पेस्ट म्हणजे संख्या तेवढीच'

ही सगळ्यात मुरलेली चूक. मक्यातला एसी घटक घ्या. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४०च्या दशकात कोल्ड स्प्रिंग हार्बरला ज्यांच्यावर काम केलं, त्यांतला हा एक. ट्रान्सपोझेज हे एन्झाइम त्याला डीएनएच्या रूपातच कापून काढतं आणि दुसरीकडे बसवतं. मग प्रती वाढतील कशा?

पेशी विभाजनाआधी डीएनएची प्रत करत असते, तेव्हा. समजा एसी जिथे आहे त्या भागाची प्रत होऊन गेली. आता तिथे दोन एसी आहेत. त्यातला एक सुटला आणि अजून प्रत न झालेल्या भागात जाऊन बसला. थोड्या वेळाने त्या भागाचीही प्रत होते. हिशेब करा: जुन्या जागी एक, नव्या जागी दोन. दोनाचे तीन झाले! शिवाय घटक निघून गेल्यावर पडलेली तूट पेशी कधीकधी जोडीदार क्रोमॅटिड (त्याच गुणसूत्राची दुसरी प्रत) बघून भरते. त्यात घटक शाबूत असेल तर तोही जुन्या जागी परत येतो.

सगळ्या रेट्रोट्रान्सपोझॉनना एकच आकृती

रेट्रोट्रान्सपोझॉन म्हणजे आरएनएच्या वाटेने आपली नवी प्रत करणारा घटक. यीस्टमधला टीवाय१ आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो तो विषाणूसारख्या कणात, आणि मग इंटिग्रेज हे एन्झाइम तो डीएनए जीनोममध्ये बसवतं. माणसातला एल१ असं करत नाही. त्याचं प्रथिन केंद्रकात जाऊन डीएनएच्या एका धाग्याला, बहुधा सलग टी असतील तिथे, काप देतं. मोकळं झालेलं टीचं टोक एल१च्या आरएनएच्या 'ए'वाल्या शेपटीशी जुळतं आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) तिथल्या तिथे लिहायला लागतं. म्हणजे लेखन शेपटीकडून सुरू होतं आणि बरेचदा अर्ध्यावरच थांबतं. म्हणून माणसाच्या जीनोममध्ये एल१च्या सुमारे ५ लाख प्रती असल्या तरी बहुतेकांचं डोकं उडालेलं असतं. पूर्ण लांबी साधारण ६,००० बेसेसची, आणि अजून उडी मारू शकतील अशा प्रती जेमतेम ८० ते १००. 'प्रती ५ लाख, म्हणजे सक्रिय ५ लाख' असं लिहू नका.

माणसातल्याच अलू या रेट्रोट्रान्सपोझॉनच्या आकृतीत स्वतःचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज काढणंही चूकच. जेमतेम ३०० बेसेसचा हा घटक एकही प्रथिन बनवत नाही. एल१च्या यंत्रणेवर फुकट जगून त्याने १० लाखांहून जास्त प्रती केल्या आहेत.

दोन्ही टोकांचे रिपीट

रिपीट म्हणजे पुन्हा येणारा क्रम; इथे दोन प्रकार आहेत, ते एक समजू नका. डीएनए ट्रान्सपोझॉनच्या टोकांचे उलटे रिपीट घटकाचे स्वतःचे. त्याबाहेरचे छोटे, एकाच दिशेचे रिपीट यजमान डीएनएचे, म्हणजे घटक जिथे बसला त्या डीएनएचे. दोन धाग्यांवरचे काप मागेपुढे पडतात म्हणून ते तयार होतात.

प्रयोगशाळेत

आरएनए मोजण्याच्या क्यूपीसीआर चाचणीत एल१चा सिग्नल भरघोस आला की लगेच खूश होऊ नका. एवढ्या प्रती असलेल्या जीनोमचा किंचित डीएनए आरएनएच्या नमुन्यात राहिला तरी सिग्नल येतो. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेला कंट्रोल लावलाच पाहिजे. आणि आरएनए खरा असला तरी उडी सिद्ध होत नाही: एल१चे तुकडे जनुकांच्या इंट्रॉनमध्ये (आरएनएमधून नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या भागात) पडलेले असतात, ते त्या जनुकाबरोबर आपोआप वाचले जातात.

उडी दाखवायची तर १९८५ची टीवाय१वरची युक्ती आठवा. घटकात मुद्दाम इंट्रॉन घातला. नव्या जागी बसलेल्या प्रतीतून तो गायब होता. म्हणजे वाट आरएनएमधूनच गेली होती.

सिक्वेन्सिंगच्या डेटात जीनोमच्या अनेक ठिकाणी जुळणारे रीड (वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे) सरसकट फेकून देणारेही पुष्कळ. त्यात सर्वात तरुण घटकच हातचे जातात, कारण त्यांच्या प्रती एकमेकींसारख्या असतात. आणि एल१ नव्याने बसल्याचा दावा करताना दोन्ही बाजूंचे सांधे पीसीआरने वाचा. 'ए'ची शेपटी आणि यजमानाचे रिपीट दोन्ही दिसत नसतील, तर आधी मॅपिंगवर (रीड जीनोमवर जिथे बसवले त्यावर) संशय घ्या.