नर्व्हस आणि युरिनरी सिस्टिम एकत्र कशी अभ्यासायची? सुरुवात ब्लॅडरपासून करा

पुस्तकात नर्व्हस सिस्टिम एका टोकाला असते आणि युरिनरी पार दुसऱ्या टोकाला, मग पोरं दोन्ही वेगवेगळं पाठ करतात आणि परीक्षेत मिक्च्युरिशन रिफ्लेक्स (ब्लॅडर भरल्यावर लघवी सोडण्याची प्रतिक्षिप्त क्रिया) लिहा म्हटलं की अडकतात, कारण तो प्रश्न धड इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही. माझं म्हणणं एवढंच की क्रम उलटा करा. लघवी लागते कशी, धरून कशी ठेवतो आणि सोडतो कशी, हे आधी नीट समजून घ्या. त्यात ऑटोनॉमिक (आपोआप चालणारी, तिच्यात सिम्पथेटिक आणि पॅरासिम्पथेटिक), सोमॅटिक (आपल्या ताब्यातली), रिफ्लेक्स, स्पायनल कॉर्ड, ब्रेनस्टेम, कॉर्टेक्स सगळं येतंच, आणि ते कळल्यावर किडनीकडे वर चढायचं.

आधी एक कोरा कागद घ्या आणि ब्लॅडर काढा. चित्र चांगलं यायची गरज नाही, एक फुगा काढला तरी चालतो. त्याच्या भिंतीत लिहा डिट्रुसर, हा स्मूथ मसल. तळाशी एक त्रिकोण काढा, तो ट्रायगोन, त्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांत दोन युरेटर (किडनीतून लघवी आणणाऱ्या नळ्या) उघडतात आणि खालच्या कोपऱ्यातून युरेथ्रा (लघवी बाहेर नेणारी नळी) निघते. ब्लॅडरच्या मानेपाशी इंटर्नल स्फिंक्टर (स्फिंक्टर म्हणजे तोंड आवळून धरणारा मसल), हा पण स्मूथ मसल म्हणजे आपल्या हातात नाही, आणि पुरुषांत तो स्पष्ट असतो, बायकांत तितका नसतो. त्याच्या खाली एक्स्टर्नल स्फिंक्टर, हा स्केलेटल मसल, हाच आपल्या ताब्यात. युरेथ्रा बायकांत साधारण ४ सेंमी आणि पुरुषांत साधारण २० सेंमी, बायकांना युरिन इन्फेक्शन जास्त का होतं या प्रश्नाचं एक मोठं उत्तर इथेच मिळतं. एवढं झालं की ॲनाटॉमी तात्पुरती बंद.

आता त्याच चित्रावर तीन नर्व्ह तीन वेगळ्या पेनांनी काढायच्या, हे खरंच करा, नुसतं वाचून उपयोग नाही. पहिली पेल्व्हिक नर्व्ह, एस २, ३, ४ मधून येते (हे स्पायनल कॉर्डचे सेगमेंट, टी छातीचे, एल कंबरेचे, एस त्याखालचे सेक्रल), पॅरासिम्पथेटिक, ॲसिटिलकोलिन हे केमिकल सोडते, एम ३ रिसेप्टरवर (पेशीवरची संदेश घेणारी जागा, पुढचे बीटा आणि अल्फा पण तेच) काम करते आणि डिट्रुसर आवळते. दुसरी हायपोगॅस्ट्रिक, टी ११ ते एल २ मधून (काही पुस्तकं टी १० पासून धरतात, भांडत बसू नका), सिम्पथेटिक, बीटा ३ मधून डिट्रुसर सैल ठेवते आणि अल्फा १ मधून इंटर्नल स्फिंक्टर आवळते. तिसरी प्युडेंडल, परत एस २, ३, ४, पण ही सोमॅटिक, एक्स्टर्नल स्फिंक्टर आवळून धरते. लक्षात ठेवायला सोपं आहे, सिम्पथेटिक आणि सोमॅटिक हे दोन्ही स-वाले साठवतात, उरलं पॅरासिम्पथेटिक, ते रिकामं करतं. बस. रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी हे सांगता आलं पाहिजे.

मग हे सगळं चालू करून बघा. ब्लॅडर भरतोय, भिंत ताणली जातेय, पण आतलं प्रेशर फारसं वाढत नाही, कारण डिट्रुसर सैल आहे आणि भिंतच तशी ताण घेणारी आहे. साधारण १५० ते २०० मिली झालं की पहिली जाणीव होते, ३०० ते ४०० ला नीट लागते, आणि कपॅसिटी धरा ४०० ते ६०० च्या आसपास. ही ताणाची खबर ए डेल्टा फायबर (बारीक नर्व्ह तंतू) पेल्व्हिक नर्व्हमधूनच वर नेतात. म्हणजे पेल्व्हिक नर्व्ह जाणारी पण आणि येणारी पण, इथे बरेच जण एकच बाण काढतात आणि अर्धं उत्तर गमावतात. खबर वर मिडब्रेनपर्यंत (ब्रेनस्टेमचा वरचा भाग) जाते, तिथून पॉन्समधल्या (ब्रेनस्टेमचा मधला भाग) मिक्च्युरिशन सेंटरला, ज्याला बॅरिंग्टन न्यूक्लियस म्हणतात कारण बॅरिंग्टन या संशोधकाने १९२५ मध्ये मांजरांवर प्रयोग करून ही जागा दाखवली. पण पॉन्सला लगाम प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा (मेंदूचा अगदी पुढचा भाग). आत्ता नको, मीटिंग चालू आहे, हा निर्णय वरचा. तान्ह्या बाळात हा लगाम अजून तयार नसतो म्हणून भरलं की झालं, आणि साधारण ३-४ वर्षांपर्यंत ताबा येतो.

परवानगी मिळाली की क्रम महत्त्वाचा आहे, आधी एक्स्टर्नल स्फिंक्टर सैल होतो आणि मग डिट्रुसर आवळतो. दार आधी आणि ढकलणं नंतर. हे एकमेकांशी जुळवण्याचं काम पॉन्स करतो, हे वाक्य अधोरेखित करा कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, चित्रावर कात्री चालवायची. एकेका ठिकाणी कापा आणि काय होईल ते स्वतः सांगा, पुस्तक नंतर उघडा. पॉन्सच्या वर कापलं, म्हणजे स्ट्रोक वगैरे, तर लगाम गेला पण जुळवणी शाबूत, म्हणून घाई होते, कपड्यात होते, पण स्फिंक्टर वेळेवर उघडतो. पॉन्स आणि सेक्रल सेगमेंटच्या मध्ये कापलं, तर खालचा रिफ्लेक्स जिवंत पण जुळवणारा कोणी नाही, डिट्रुसर आवळतोय आणि त्याच वेळी स्फिंक्टरही आवळतोय, याला डिट्रुसर स्फिंक्टर डिससिनर्जिया म्हणतात, प्रेशर चढतं आणि हळूहळू किडनीवर येतं. (इजा नवीन असताना मात्र स्पायनल शॉक असतो, तेव्हा ब्लॅडर गप्प बसतो आणि लघवी तुंबते, रिफ्लेक्स काही आठवड्यांनी परत येतो. व्हायव्हात हा पेच टाकतातच.) आणि सेक्रल सेगमेंट किंवा त्यातून निघणाऱ्या नर्व्हच गेल्या तर ब्लॅडर ढिला, भरून ओसंडेपर्यंत काही नाही, थेंब थेंब गळतं. जुन्या डायबेटिसमध्ये नर्व्ह खराब झाल्या की असंच काहीसं होतं, आधी भरल्याची जाणीवच कमी होते.

इथे थांबून एक घोळ निस्तरा, तो म्हणजे मणका आणि सेगमेंट एकच समजणं. मोठ्या माणसात कॉर्ड साधारण एल १-एल २ मणक्यापाशीच संपते, त्यामुळे एस २, ३, ४ हे सेगमेंट प्रत्यक्षात टी १२-एल १ मणक्यांच्या मागे बसलेत आणि त्यांच्या नर्व्ह तिथून खाली लटकत जातात, तो कॉडा इक्वायना. म्हणून एल १ मणका मोडला की ब्लॅडरचं सेंटरच दुखावतं, आणि एल ४-५ ची मोठी डिस्क मधोमध सरकली तर सेंटर ठीक पण खाली जाणाऱ्या नर्व्ह दबतात. कंबरदुखी, दोन मांड्यांच्या मधली जागा बधिर आणि लघवी अडकणं हे तिन्ही एकत्र दिसलं तर ती इमर्जन्सी आहे, त्या पेशंटने त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं असतं, सकाळी बघू असं नाही.

औषधं वेगळी पाठ करू नका, रिसेप्टर येत असतील तर ती फुकटात येतात. ऑक्सिब्युटिनिन एम ३ अडवतं म्हणजे घाई कमी. मिराबेग्रॉन बीटा ३ चालू करतं म्हणजे साठवण वाढते. टॅमसुलोसिन अल्फा १ अडवतं म्हणजे ब्लॅडरची मान सैल, प्रोस्टेटवाल्यांना धार सुटते. आणि उलटं पण बघा, प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने सर्दीची स्युडोएफेड्रिनवाली गोळी घेतली तर काय होईल? अल्फा चालू, मान आवळली, लघवी तुंबली. असा प्रश्न स्वतःला विचारत राहिलात तर फार्माकोलॉजीचं अर्धं काम इथेच झालं.

आता किडनी. इथे आकडे लागतात आणि आकडे घोकण्यापेक्षा एकमेकांतून काढायचे. दोन्ही किडन्यांना मिळून हृदयाच्या आउटपुटच्या साधारण २० ते २५ टक्के रक्त मिळतं. जीएफआर, म्हणजे दोन्ही किडन्या मिळून जेवढं गाळतात ते, मिनिटाला १२५ मिली, त्याला दिवसाच्या १४४० मिनिटांनी गुणा, १८० लिटर. शरीरात प्लाझ्मा (रक्ताचा द्रव भाग) जेमतेम ३ लिटर, म्हणजे दिवसातून ६० वेळा तोच प्लाझ्मा गाळून निघतो. लघवी होते दीड लिटरच्या आसपास, म्हणजे ९९ टक्के परत घेतलं. चार आकडे, सगळे एकाच गुणाकारातले. गाळण्याचं प्रेशर पण असंच, रक्ताचं ६० बाहेर ढकलतं, कॅप्सूलमधलं १८ आणि रक्तातल्या प्रोटीनच्या ओढीचं ३२ विरोधात, उरले १० मिमी मर्क्युरी. पुस्तकागणिक हे तिन्ही थोडे बदलतात, पण उत्तर बहुतेक ठिकाणी १० च्या आसपासच येतं.

ट्यूब्यूलच्या (गाळलेलं पाणी ज्यातून पुढे जातं त्या नळीच्या) प्रत्येक भागाला एकच मुख्य काम द्या. प्रॉक्सिमल जवळपास ६५ टक्के सोडियम आणि पाणी परत घेतो, ग्लुकोज तर सगळंच, पण रक्तातली शुगर १८० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या वर गेली की त्याला झेपत नाही आणि ती लघवीत उतरते. हेनलेच्या लूपची उतरती बाजू पाणी सोडते, चढती मीठ सोडते पण पाणी नाही, त्यामुळे मेड्युला (किडनीचा आतला भाग) १२०० मिलिऑस्मोलपर्यंत खारट होतो. शेवटचा निर्णय डिस्टल आणि कलेक्टिंग डक्टमध्ये, हॉर्मोनच्या हुकमाने. काउंटर करंटची (लूपच्या दोन बाजूंतल्या या उलटसुलट प्रवाहाची) आकृती पहिल्या वाचनात कळली नाही तर सोडून पुढे जा, एडीएच (किडनीत पाणी राखणारं हॉर्मोन) वाचल्यावर परत या, तेव्हा डोक्यात शिरते.

आणि इथे नर्व्हस सिस्टिम परत भेटते. एडीएच हायपोथॅलॅमसमध्ये बनतं, पोस्टेरियर पिट्यूटरीतून सुटतं, रक्त घट्ट झालं की वाढतं, दारूने दबतं म्हणून प्यायल्यावर फेऱ्या वाढतात. सिम्पथेटिक नर्व्ह बीटा १ मधून किडनीतलं रेनिन (ब्लड प्रेशर वाढवणारी साखळी सुरू करणारं एन्झाइम) सोडवते. सोडियम पोटॅशियम पंप तर दोन्हीकडचा, ३ सोडियम बाहेर २ पोटॅशियम आत, न्यूरॉनचं उणे ७० मिलिव्होल्ट त्याच्या जिवावर टिकतं आणि ट्यूब्यूलमधलं शोषणही त्याच्याच जिवावर चालतं. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी तो १९५७ मध्ये खेकड्याच्या नर्व्हमध्ये शोधला आणि १९९७ मध्ये नोबेल मिळवलं. पंप दोन्हीकडे एकच आहे, म्हणून ॲक्शन पोटेन्शियल (नर्व्हमधून जाणारा विजेचा संदेश) करताना पंप नीट केलात तर किडनीत तो परत करावा लागत नाही.

एक फरक मात्र उत्तरात आवर्जून लिहा. ट्रान्सप्लांट केलेल्या किडनीच्या नर्व्ह कापलेल्या असतात तरी ती गाळते, लघवी बनवते. ब्लॅडरच्या नर्व्ह कापल्या तर कॅथेटर लावावा लागतो. किडनीत नर्व्ह फक्त कमीजास्त करतात, ब्लॅडरचा कारभारच नर्व्हवर चालतो.

युरेटरला जास्त वेळ देऊ नका, लांबी २५ ते ३० सेंमी आणि तीन अरुंद जागा, किडनीतून निघताना, पेल्व्हिसच्या काठावरून उतरताना आणि ब्लॅडरच्या भिंतीत शिरताना, स्टोन अडकतो तो इथेच. दुखणं कंबरेतून जांघेकडे का जातं हे मात्र नर्व्हच्या अंगाने लिहा, युरेटर आणि जांघेच्या त्वचेची खबर टी ११ ते एल २ च्या त्याच सेगमेंटमध्ये पोचते, त्यामुळे मेंदूला जागा नीट ओळखता येत नाही.

पेपरात लिहिताना आधी ब्लॅडर आणि तीन नर्व्हची आकृती, मग साठवण, मग सोडणं, मग एक कापलेली जागा आणि तिचा परिणाम, या क्रमाने लिहा, आणि मिली, मिमी मर्क्युरी ही युनिट टाकायला विसरू नका, तिथे उगाच मार्क जातात.