रुग्णालय किंवा विद्यापीठ वाढतंय? हरकत नोंदवण्याआधीची तयारी

आधी पोच. बाकीचं नंतर वाचा. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एक आवक कक्षात द्यायची आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक नि तारीख घेऊनच खिडकी सोडायची. मागच्या खेपेला अख्ख्या वस्तीच्या सह्यांचं निवेदन बैठकीत हातोहात दिलं, फोटो काढले आणि पोच राहिली. सुनावणीची नोटीस एकालाही आली नाही, कारण दप्तरी हरकत आलेलीच नव्हती.

अर्ज कुणाकडे करायचा हे ठरवण्यात लोक निम्मे दिवस घालवतात. आपल्या नाशिकमध्ये डॉ. झाकिर हुसेन आणि नाशिकरोडचं बिटको ही महापालिकेची रुग्णालयं. त्र्यंबक रस्त्यावरचं सिव्हिल राज्याच्या आरोग्य विभागाचं. म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि गंगापूर धरणाकडचं मुक्त विद्यापीठ आपापल्या कायद्यानं चालतात. पण इमारत कुणाचीही असो, जमिनीचा वापर किंवा आरक्षण (जागा कशासाठी राखली आहे ते) बदलायचं असेल तर प्रश्न नगररचनेचा. शहराच्या हद्दीत राजीव गांधी भवन, म्हणजे महापालिकेचं मुख्यालय, हद्दीबाहेर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. गाव हद्दीच्या आत की बाहेर, हे गृहीत धरू नका, नकाशावर बघा. खाटा, डॉक्टर, यंत्रं यांबद्दलची मागणी रुग्णालय ज्याचं त्याच्याकडे, वेगळ्या अर्जानं. दोन कचेऱ्या, दोन अर्ज, दोन पोच.

मुदत कडक आहे. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 खाली प्रारूप (म्हणजे कच्चा) विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींना 30 दिवस, मोजायचे राजपत्रातल्या सूचनेच्या तारखेपासून. मंजूर आराखड्यात कलम 37 खाली किरकोळ फेरबदल असेल तर सूचनेपासून एक महिना. तुम्हाला कधी कळलं याला किंमत नाही. विसाव्या दिवशी सगळे अर्ज आत गेलेले हवेत. शेवटच्या दिवशी रांग असते, आणि घाईत नेमकी पोचच राहते.

नगररचना विभागातून भाग नकाशा (आराखड्यातला तुमच्या जागेपुरता तुकडा) आणि झोन दाखला (जागा कुठल्या वापरासाठी आहे त्याचा) काढा, सोबत सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. अर्जाच्या पहिल्या दोन ओळींत गट किंवा सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक आणि नकाशावरची जागा लिहा. ‘आमच्या कॉलनीमागचा प्लॉट’ असं लिहिलेला अर्ज कुठल्या प्रस्तावाला लावायचा हे कुणालाच कळत नाही. दवाखान्यासाठी राखलेली जागा रिकामी पडली असेल तर कलम 127 बघाच: आराखडा अमलात येऊन 10 वर्षं झाली की मालक ‘जागा विकत घ्या’ अशी नोटीस देऊ शकतो आणि 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण संपतं. ती जागा मग परत मिळत नाही.

आता मोजणी. खरी मेहनत इथेच लागते, आणि सुनावणीत आकड्यांनाच उत्तर द्यावं लागतं. पाण्यापासून सुरुवात करा. भारतीय मानकांप्रमाणे 100 पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयाला खाटेमागे रोज 450 लिटर धरतात, त्याहून लहान असेल तर 340, वसतिगृहाला माणशी 135. म्हणजे मोठ्या रुग्णालयात 200 खाटा वाढल्या तर 90,000 लिटर पाणी आणि त्याच्या साधारण 80 टक्के, म्हणजे 72,000 लिटर सांडपाणी. कुठल्या जलकुंभातून हे पाणी येणार, मलवाहिनीचा व्यास किती, हे लेखी विचारा. रस्ता टेपनं मोजा. आराखड्यात दाखवलेली रुंदी आणि टपऱ्या-पार्किंग सोडून उरलेली रुंदी, दोन्ही लिहा. वाहनं सकाळी 8 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 8, दर 15 मिनिटांनी, दुचाकी-रिक्षा-बस वेगळ्या मोजा. गोदाकाठच्या बाजारामुळे बुधवारचा आकडा वेगळा येतो, म्हणून दुसरा एक वारही घ्या.

नातेवाईक मोजायला विसरू नका. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडून एसटीनं आलेली माणसं रात्री कुठे झोपतात, कुठे अंघोळ करतात, हे नकाशात कधीच नसतं. रात्री दहानंतर एकदा जाऊन बघा आणि बायकांना विचारा.

ऑक्सिजनची टाकी कुठे बसणार आणि टँकर तिथवर कसा पोचणार, हे ठळक लिहा. 21 एप्रिल 2021 ला झाकिर हुसेनमध्ये टाकीतून गळती होऊन पुरवठा खंडित झाला, त्या दिवशी 22 रुग्ण गेले. हा मुद्दा कुणी तांत्रिक म्हणून बाजूला सारू लागला तर सारू देऊ नका. जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत, तेव्हा त्यांची खोली नि गाडीची वाट कुणाच्या खिडकीखालून जाते तेही बघा.

महाविद्यालयांचं गणित निराळं. नवं महाविद्यालय कुठे हवं हे विद्यापीठाच्या पाच वर्षांच्या बृहत् आराखड्यातल्या स्थळबिंदूंवर, म्हणजे महाविद्यालयासाठी नेमून दिलेल्या ठिकाणांवर, ठरतं (सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा चालू आराखडा 2024 ते 2029). तालुक्याला वाणिज्य हवं की विज्ञान, हे तो तयार होत असताना सांगायचं. इमारतीचा नकाशा आल्यावर सांगून उपयोग नाही. हाही अर्ज लेखी, पोच घेऊन.

सह्यांचं एकच निवेदन देऊ नका. एका निवेदनाला एकच आवक क्रमांक पडतो. घरटी वेगळा अर्ज, मुद्दा ज्याचा त्याच्या शब्दांत, पूर्ण पत्ता, आणि प्रत्येकाची स्वतंत्र पोच. ई-मेल केला असेल तरी कागद द्या आणि शिक्का घ्या. मग सगळ्या पोच एका फाइलमध्ये, क्रमांकांची यादी वहीत, फोटो दोघांच्या फोनमध्ये.

माहितीचा अधिकार: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांत. उत्तराला 30 दिवस लागतात, त्यामुळे सूचना निघायची वाट बघू नका.

सुनावणीला मूळ पोच न्या. एकानं पाणी, एकानं रस्ता, बाकीच्यांनी पुन्हा तेच बोलू नये. तिथे दिलेलं जादा निवेदनही आवकमध्ये द्या, शिक्का घ्या. हजेरीपत्रकावर सही. आठवड्यानं इतिवृत्ताची प्रत मागा, त्या मागणीचीही पोच.