लेटरहेड पहिल्याच पावतीवर का यायचं?

पतसंस्थेतला पावत्यांचा प्रोग्राम जुना, डॉसमधला. लेझर प्रिंटर पीसीएल ५ (प्रिंटरला आज्ञा देण्याची भाषा) समजणारा. लोगो आणि पत्ता दर पानाला पाठवण्यापेक्षा एकदाच मॅक्रो (साठवून ठेवलेल्या आज्ञांचा संच) म्हणून प्रिंटरच्या मेमरीत ठेवला: '&एफ०एक्स'ने सुरुवात, '&एफ१एक्स'ने शेवट, प्रत्येकाआधी एस्केप म्हणजे २७ नंबरचं अक्षर.

पहिली पावती झकास. दुसरीवर लेटरहेडच नाही! अर्धा दिवस केबललाच शिव्या घातल्या. चूक माझीच होती. आमचा प्रोग्राम प्रत्येक पावतीनंतर 'एस्केप ई', म्हणजे रीसेट पाठवतो आणि त्यात तात्पुरता मॅक्रो पुसला जातो. '&एफ१०एक्स' पाठवून तो कायमचा केला. ओव्हरले, म्हणजे मॅक्रो दर पानावर आपोआप छापण्याची सोय, हाही रीसेटने बंद होतो, म्हणून रीसेटनंतर मॅक्रोचा नंबर आणि ओव्हरले चालू करणारं '&एफ४एक्स' दर पावतीला पाठवतो.

'कायमचा' म्हणजे वीज असेपर्यंतच, हे लाइट गेल्यावर कळलं. आता सकाळी बॅच फाइल (आज्ञा ओळीने चालवणारी फाइल) मॅक्रो पुन्हा चढवते. त्यातही लोगो अर्धाच यायचा. लोगोच्या बिटमॅपमध्ये (ठिपक्यांच्या चित्रात) २६ नंबरचा बाइट होता, साध्या कॉपीला तोच फाइलचा शेवट वाटायचा. 'कॉपी /बी' केलं आणि लोगो अख्खा आला.