दारात थबकणाऱ्या कोंबड्या : वाडगं उघडण्याआधीची तयारी

गेल्या वर्षी घरामागं चौदा कोंबड्यांसाठी जाळीचं वाडगं केलं. वीस हात लांब, बारा हात रुंद. तण उपटलं, दगड वेचले, खराट्यानं झाडून जमीन अंगणासारखी लख्ख केली आणि सकाळी खुराड्याचं दार उघडलं. कोंबड्या उंबऱ्यापर्यंत आल्या. एकीनं मान तिरपी केली, एका डोळ्यानं आभाळ पाहिलं आणि मागं फिरली. तिच्या मागं बाकीच्या. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी सासूबाई खाटेवरूनच म्हणाल्या, "काहून येतीन वं त्या बाहेर? डोक्शावर काई हाय का त्याईच्या? अशा उघड्यावर तू तरी उभी राहशीन का?"

त्यामुळं ही यादी उलट्या कामापासून सुरू करते: जागा साफ करू नका. कोंबडी मूळची रानकोंबड्यांच्या वंशातली, बांबूच्या बेटात आणि झुडपांच्या बुडाशी पाचोळा उकरत जगणारी. वरून घार नाहीतर शिक्रा येतो, हे तिला शिकवावं लागत नाही. आपल्याला मोकळी जागा म्हणजे सुख वाटतं, तिला ती धोक्याची वाटते. तण गुडघाभर असेल तर राहू द्या, एरंड उगवला असेल तर तेवढा काढा, त्याच्या बिया विषारी असतात. कोपऱ्यात तरोटा किंवा बोरीचं झुडूप असेल तर त्याला विळा लावू नका.

आता आडोशाचं सामान. ते विकत आणायचं नाही, वेळेवर गोळा करायचं. तूर निघाली की माघ-फाल्गुनात तुराट्यांचे ढीग धुऱ्यावर (बांधावर) पडलेले असतात, त्याच सुमारास पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटली जाते. लोक चुलीसाठी नेतात, उरलेली पेटवून देतात. त्याआधी आपल्या दहा-बारा पेंढ्या बाजूला काढून ठेवा. तूर मजबूत, पऱ्हाटी काटकुळी पण फांद्यांची, म्हणून आडोशाला पऱ्हाटी आणि छपराला तुराटी असं मी ठरवलंय. बुरुडाकडून दोन तट्टे मिळाले तर उत्तम. सागाची पानं मिळत असतील तर छपरावर तीच घाला, त्यांची सावली थंड पडते. हिरवी जाळीही चालते, पण खाली हवा खेळली पाहिजे, म्हणून ती उंच बांधा. जमिनीलगत ताणलेल्या जाळीखाली मे महिन्यात भट्टी होते.

मांडणीकडे जास्त लक्ष द्या, कारण मी पहिल्यांदा तिथंच चुकले. मी सगळा आडोसा पार टोकाला, कुंपणाच्या कोपऱ्यात केला आणि मधली जागा उघडीच ठेवली. कोंबड्यांनी तो आडोसा दारातून पाहिला, एवढंच. पहिला मांडव खुराड्याच्या दाराला चिकटूनच हवा, म्हणजे अंधारातून बाहेर पाय टाकताना डोळ्यांवर एकदम ऊन पडत नाही आणि डोक्यावर काहीतरी असतं. तिथून तीन-चार पावलांवर दुसरा, मग तिसरा. एका आडोशातून निघालेली कोंबडी दोन उड्यांत दुसऱ्यात शिरली पाहिजे. पेंढ्या जमिनीवर ढिगानं टाकू नका, एकमेकींना टेकवून तंबूसारख्या उभ्या करा, खाली हातभर पोकळी ठेवा. ढिगात उंदीर येतात, उंदरांमागं धामण, आणि नाग आला तर कोंबड्यांचं सोडा, आपलंच अवघड. रोज सकाळी काठी फिरवून मगच दार उघडायचं.

खुराड्याला दारं दोन ठेवा. कोंबड्यांत मान असतो, आणि वरच्या मानाची एखादी दारातच ठाण मांडून बसली की खालच्या पोरी दिवसभर आत अडकतात. माझ्याकडं एक तांबडी आहे, तिच्यापुढं कुणाची बिशाद नाही. मागच्या भिंतीत वीतभर रुंद, हातभर उंच दुसरं भोक पाडलं, तेव्हा राखी आणि पांढरी कुरकुर न करता बाहेर पडायला लागल्या. दाण्याची भांडीही दोन, आणि एकावरून दुसरं दिसणार नाही अशी, मधे पऱ्हाटीची पेंढी उभी करून. नाहीतर तांबडी दोन्हीकडं राज्य करते.

मग धुळवड. कोंबडी पाण्यानं न्हात नाही, मातीनं न्हाते. त्यानं पिसातले किडे कमी होतात, शिवाय तिला ते आवडतं. जुनं ट्रॅक्टरचं टायर आडवं टाका किंवा तीन विटांचं कडं करा. त्यात दोन घमेली चाळलेली बारीक माती, पाव घमेलं चुलीची राख, थोडी वाळू. राख पूर्ण गार झालेली हवी, त्याच दिवशीची नको. मी घाईत टाकली तेव्हा आत निखारा होता आणि एका पिल्लाची नखं भाजली. राख जास्तही टाकू नका, फुफाटा उडून नाकात जातो. हा खड्डा आडोशाखाली आणि पाऊस न लागणाऱ्या जागी करायचा. साधारण दुपारी, ऊन चढलं की एक कोंबडी आत बसते, आडवी होते, एक पंख पसरते, पायानं माती अंगावर उडवते आणि डोळे मिटते. पाच मिनिटांत तिच्या अंगावर दुसरी येऊन पडते. माझ्या वाडग्यात कोंबड्या पहिल्यांदा अर्धा तास बाहेर राहिल्या त्या याच टायरापाशी, दाण्यापाशी नव्हे.

दाण्याचं भांडं मात्र हळूहळू हलवा. भांडं आधी खुराड्याच्या दारात, दोन दिवसांनी मांडवाखाली, मग दुसऱ्या आडोशात. एकदम बाहेर नेलं तर भेकड कोंबड्या उपाशी राहतात. सकाळचं पोटभर खाणं असं भांड्यात, आणि दुपारचं मूठभर खाणं विखरून: सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरायचं, त्यात ज्वारी नाहीतर तांदळाची कणी फेकायची. भंडारा-गोंदियाकडं कुटाराऐवजी तणस (धानाचा पेंढा) घ्या, तिथं धान जास्त. उकरायला मिळालं की कोंबडी दुपार काढते. शेवग्याची फांदी दोरीनं चोचीच्या थोडं वर टांगा, उड्या मारून पानं तोडतात. सरकीची ढेप ढोरांची आहे, कोंबड्यांची नव्हे; सरकीतल्या गॉसिपॉलनं साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट पडतो. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणाही नको.

एक जुनी युक्ती सासूबाईंची, तिला मी आधी हसले होते. फुटक्या मडक्यात ओलं शेण, कुटार आणि गोणपाटाचा तुकडा कोंबायचा आणि धुऱ्यावर उधई (वाळवी) दिसते तिथं संध्याकाळी पालथं घालायचं, वरून गवत झाकायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मडकं उधईनं भरतं. ते वाडग्यात नेऊन उलटं केलं की जी कोंबडी महिनाभर दारात नव्हती तीही धावते. घराच्या चौकटीपासून लांबच करा, आणि जिथं उधईवर औषध टाकलंय तिथं अजिबात नाही.

औषधावरून आठवलं. आपल्याकडं कपाशीचा मुलूख, फवारणीचे पंप घरोघरी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं शेतकऱ्यांचे जीव गेले, तिथं कोंबडीची काय कथा. वाडगं वावराला लागून असेल तर फवारणीच्या दिवशी, आणि त्यानंतर काही दिवस, दार बंदच. पंप धुतलेलं पाणी वाडग्याच्या उताराला जाऊ देऊ नका. पेरणीच्या वेळी औषध लावलेलं रंगीत बी सांडलेलं असतं, कोंबडी ते आवडीनं टिपते. रिकाम्या डब्यांत पाणी देण्याचा विचारही नको.

दार उघडण्याचा पहिला दिवस शांत धरा. नव्या तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) आणल्या असतील तर आधी आठवडाभर खुराड्यातच ठेवा, म्हणजे घर कुठलं ते ठरतं. पिल्लं सहा आठवड्यांची होऊन अंगावर पिसं भरेपर्यंत बाहेर काढायची नाहीत. पहिल्यांदा सोडायचं ते दिवस मावळायच्या तास-दीड तास आधी. अंधार पडला की कोंबडीला नीट दिसत नाही, ती आपणच आत येते. दोन-तीन संध्याकाळी अशा गेल्या की वेळ वाढवत जा. हाकलून बाहेर काढू नका. मी काठी घेऊन काढल्या होत्या, दुसऱ्या दिवसापासून मला पाहूनच आत पळायच्या.

कोंबडा असेल तर अर्धं काम तोच करतो. दाणा दिसला की तो चोचीत उचलून टाकत हळू आवाजात 'कुक-कुक' करतो आणि कोंबड्या त्याच्याकडं जातात. वर घार दिसली तर एकच लांब, बारीक किंकाळी देतो. कुत्रा किंवा मुंगूस दिसलं तर 'कट्-कट्-कटाक' चालू. एका कोंबड्यामागं आठ-दहा कोंबड्या पुरे. दोन कोंबडे ठेवले तर भांडणातच दिवस जातो.

आता उन्हाळा. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास लागतो, पण आमच्याकडं पारा त्याआधीच ४५ला टेकलेला असतो. कोंबडीच्या अंगाची उष्णता मुळात ४१-४२ अंश, घाम तिला येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. पंख अंगापासून लांब धरून धापा टाकणारी कोंबडी दिसली की समजा, सावली कमी पडतेय. या दिवसांत वेळ उलटी करायची: पहाटे पाचला सोडा, दहाला सगळ्या सावलीत, संध्याकाळी पुन्हा. दुपारी बाहेर आल्या नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका, त्या शहाण्या आहेत. पाणी मातीच्या परळात, सावलीत, दोन ठिकाणी, आणि दुपारी एकदा बदलून. गार दिवसांत एक कोंबडी पाव लिटर पिते तर उन्हाळ्यात दुपटीवर जाते. मांडवाखालची जमीन दुपारी शिंपडा.

पावसाळ्याची तयारी मृगाआधी. काळ्या मातीचा चिखल कोंबडीच्या बोटांना चिकटतो, वाळला की गोळा दगडासारखा होतो आणि ती लंगडते. आडोशांच्या मधल्या वाटेवर मुरूम टाका, पाणी निघून जाईल असा उतार द्या. ओल राहिली की रक्ती हगवण आणि जंत. जंतांसाठी दर तीन महिन्यांनी औषध द्या. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस मात्र कोंबड्या बाहेर काढायच्या आधीच हवी. लसीची एक बाटली बहुतेक शंभर कोंबड्यांची असते आणि मिसळली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, तेव्हा गल्लीतल्या चार घरांनी एकच दिवस ठरवा आणि बर्फात घालून आणा.

जाळीचं थोडक्यात: षट्कोनी जाळी कोंबडी अडवते, कुत्रं नाही. खालचे दोन फूट जाड वेल्डेड जाळी लावा आणि ती बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर दगड ठेवा, मुंगूस उकरून आत येत नाही. वरून घारीसाठी आडव्या-उभ्या सुतळ्या ताणल्या तरी पुरतं.

एवढं सगळं करूनही एखादी बाहेर येणार नाही. आधी पाहा, ती खुडूक आहे का. असेल तर अंडी उबवायला बसवा नाहीतर वेगळी काढा, तिला आडोशाचं काही देणंघेणं नाही. खुडूक नसेल तर पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी उवा-पिसवा पाहा, पाय पाहा, विष्ठा पाहा. आणि सगळ्याच एकदम आत पळाल्या तर वर पाहा.

शेवटचं काम रोजचं. दिवस मावळला की मोजायचं, कडी घालायच्या आधी. आमच्याकडं हे काम धाकट्या पोराचं, तो तेरापर्यंत येऊन थांबतो, कारण तांबडी अजून मांडवाखाली असते आणि हाक मारल्याशिवाय येत नाही.