दुसऱ्यांच्या पोस्ट पाहून मन खट्टू होतंय? या चुका टाळा

स्क्रोल करून मोबाइल खाली ठेवला की मूड गेलेला असतो, आणि गेलेला मूड परत आणायला आपण पुन्हा मोबाइलच उचलतो. ‘सोशल मीडियाचं व्यसन लागलंय’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं दुखणं या फेऱ्यात असतं आणि तो फिरता ठेवते ती तुलना. तिला हात न लावता बाकीचे उपाय केले की चार दिवस बरं वाटतं, मग पहिले पाढे पंचावन्न.

सगळा दोष मिनिटांना देणं

वेळ कमी केल्याने फरक पडतो, यात शंका नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या १४३ विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाने तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट रोज प्रत्येकी दहाच मिनिटं वापरलं. त्यांचा एकटेपणा कमी झाला. ज्यांना मुळात नैराश्याची लक्षणं जास्त होती त्यांची तीही उतरली.

पण दहा मिनिटंही कशी घालवतो, हे बघायला हवं. जुन्या वर्गमैत्रिणीच्या बढतीची पोस्ट दिसते. अभिनंदन लिहून झालं की बोट तिच्या प्रोफाइलवर जातं. तिथून दोन वर्षांपूर्वीचे फोटो, तिथून नवऱ्याचं प्रोफाइल, मग तिच्या कंपनीत त्या पदाला पगार किती याचा शोध. घड्याळाच्या हिशेबात हे सगळं बसतं, पण नंतरचा तासभर डोक्यात तेच घोळत राहतं. म्हणून मोबाइल ठेवताना आपण शेवटी कुणाचं काय पाहिलं आणि त्याआधी मूड कसा होता, एवढं लक्षात घ्या. आठवडाभरात तीच ती दोन-चार नावं समोर येतील.

चुकीच्या माणसांना अनफॉलो करणं

इथे हमखास गल्लत होते. तुलना नको म्हणून लोक आधी सिनेतारकांची अकाउंट काढून टाकतात. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की, मोजायला पक्कं माप नसलं की माणूस स्वतःला इतरांशी ताडून पाहतो, तेही आपल्यासारख्याच माणसांशी. नटाचा बंगला आपल्याला फारसा टोचत नाही. शेजारच्या बाकावर बसणाऱ्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट टोचतो. तारकेला काढून त्याला ठेवणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला! त्यालाच म्यूट करा. इन्स्टाग्रामवर म्यूट केल्याचं समोरच्याला कळत नाही, त्यामुळे रुसवेफुगवेही नाहीत.

माणूस फारच जवळचा असेल तर मात्र म्यूटपेक्षा फोन बरा. पोस्टमध्ये न आलेलं बरंच काही पाच मिनिटांच्या गप्पांत बाहेर येतं: बढतीबरोबर आलेली झोपमोड, फ्लॅटचे हप्ते.

‘सगळ्यांचं छान चाललंय’ हा निष्कर्ष काढणं

‘सगळे’ म्हणजे कोण? समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये एक गंमत दाखवून दिली. बहुतेकांच्या मित्रांना त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात. कारण साधं आहे. शंभर मित्र असलेला माणूस शंभर जणांच्या यादीत येतो, तीन मित्र असलेला फक्त तिघांच्या. त्यामुळे आपल्या यादीत गोतावळा मोठा असलेलेच जास्त भरतात. फीडमध्ये हे आणखी वाढतं. रोज पोस्ट टाकणारा रोज दिसतो, काहीच न टाकणारे कितीतरी जण दिसतच नाहीत आणि टाकणाराही वैतागाचा दिवस सहसा टाकत नाही. आपण कमनशिबी आहोत असं ठरवण्याआधी, महिनाभरात ज्यांची एकही पोस्ट दिसली नाही अशा ओळखीतल्या पाच जणांची नावं आठवा.

हेवा वाटला म्हणून स्वतःला बोल लावणं

हेव्यातून कधी कधी कामाची माहितीही मिळते. सहलीचे फोटो सलले, तर सहल हवीय की सोबतचा तो घोळका? घोळका हवा असेल तर एखाद्याला भेटायला बोलावणं आजही जमेल. तुलना आवाक्यातल्या गोष्टीशी असेल तर तिने हुरूपही येतो. आवाक्याबाहेरची असेल तर तेच ते बघत बसण्यात काही हाशील नाही.

उलट, आपल्यापेक्षा वाईट चाललेल्यांकडे पाहून बरं वाटून घेण्याची सवय नको. मोजपट्टी हातात राहतेच. इन्स्टाग्रामवर २०२१ पासून लाइकचे आकडे लपवता येतात, ते जरूर लपवा. आणि ‘डिजिटल डिटॉक्स’वर जायचं असेल तर गुपचूप जा. त्याची पोस्ट टाकली की लाइक किती आले हे बघायला परत यावंच लागतं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, जेवण किंवा काम बिघडलेलं असेल, तर सेटिंग बदलत बसू नका. समुपदेशकाची किंवा डॉक्टरची वेळ घ्या.