आधी हवा, मग पेट्रोल: रेसिंग इंजिनाचं फ्युएल इंजेक्शन कसं जुळवायचं

होंडा सिटी व्हीटेकचं दीड लिटरचं इंजिन घेऊ. कंपनीकडून ते १०६ बीएचपीचं यायचं, आपल्याला ट्रॅकवर १५० हवेत. (ट्रॅकवरच. रस्त्यावरच्या गाडीत असे बदल केले तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.) अशा वेळी बहुतेक जण आधी मोठे इंजेक्टर मागवतात. घाई नको. इंजिन हवा किती ओढणार हे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), हेड (व्हॉल्व्ह बसवलेला वरचा भाग) आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) ठरवतात. इंजेक्टरने फक्त त्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल द्यायचं असतं.

मॅनिफोल्ड. पिस्टन हवा ओढायला लागला की कमी दाबाची लाट रनरमधून (सिलिंडरकडे येणाऱ्या नळीतून) प्लेनमपर्यंत (सगळ्या रनरना हवा पुरवणाऱ्या पेटीपर्यंत) जाते आणि जास्त दाबाची होऊन परतते. इनटेक व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आत ती पोचली, तर सिलिंडरमध्ये जादा हवा भरते. हे जमवायचं रनरच्या लांबीतून. लाटेच्या येण्याजाण्याला क्रँकचे साधारण ९० अंश धरा. ७,५०० आरपीएमला एवढं फिरायला २ मिलिसेकंद लागतात. लाटेचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला, तर व्हॉल्व्हपासून प्लेनमपर्यंत सुमारे ३४ सेंटिमीटर येतात. ६,००० आरपीएमला हाच आकडा ४३ होतो. म्हणजे आखूड रनर वरच्या आरपीएमला ताकद देतो आणि खालचा पिकअप खातो. कॅमनुसार आकडा पुढेमागे होईल, पण सुरुवातीला एवढा हिशेब पुरतो.

गॅस्केटचा फर्मा करून मॅनिफोल्ड आणि हेडची तोंडं जुळवा. पोर्ट (हेडमधल्या हवेच्या वाटा) आरशासारखे चकचकीत करत बसू नका, जोडाला पायरी राहिली नाही म्हणजे झालं. बसवल्यावर स्मोक टेस्ट (आत धूर सोडून गळती शोधणं) करा. कुठेही ‘एअर घेत’ असेल, तर पुढचं सगळं ट्यूनिंग फुकट.

इंजेक्टर. एका बीएचपीला मिनिटाला अंदाजे ५.२५ सीसी पेट्रोल लागतं. १५० ला झाले ७८८, चार इंजेक्टरांत वाटून १९७. इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून २५० सीसीचा बसतो. त्याहून फार मोठा घेतला तर आयडलिंग सांभाळणं जिकिरीचं होतं. नवे इंजेक्टर टाकले की त्यांचा डेड टाइम (सिग्नल मिळाल्यापासून उघडायला लागणारा वेळ) ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावाच लागतो, आणि तो बॅटरीच्या व्होल्टेजनुसार बदलतो.

मॅप, म्हणजे कोणत्या आरपीएमला आणि लोडला किती पेट्रोल द्यायचं याचा ईसीयूमधला तक्ता. वाइडबँड सेन्सरशिवाय (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणाऱ्या सेन्सरशिवाय) त्याला हात लावू नका. वाचन लॅम्ब्डात घ्या, म्हणजे मोजलेलं हवा-पेट्रोल गुणोत्तर भागिले पूर्ण ज्वलनाला लागणारं गुणोत्तर: १४.७ हे पूर्ण ज्वलनाचं गुणोत्तर शुद्ध पेट्रोलचं, आपल्या पंपावरच्या ई-२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) ते साडेतेराच्या आसपास येतं. लॅम्ब्डा मात्र दोन्हीकडे १ च. फुल थ्रॉटलला ०.८७ ते ०.८९ ठेवा.

स्पार्क सुरुवातीला मागेच ठेवा, म्हणजे ठिणगी उशिरा पडू द्या. क्लोज्ड लूप (सेन्सर बघून ईसीयूने स्वतःच पेट्रोल बदलणं) बंद करा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मॅपचा एकेक खाना स्थिर लोडवर भरत जा. सूत्र सोपं आहे: जुना आकडा गुणिले मोजलेला लॅम्ब्डा, भागिले हवा असलेला. खान्यात ७० आहे, मोजला ०.९५, हवा ०.८८, तर नवा आकडा ७५.६. आधी कमी लोडचे खाने भरा. तिथेच लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) दिसत असेल तर फुल थ्रॉटलला जायचंच नाही.

प्रत्येक सिलिंडरला वेगळा थ्रॉटल बसवला असेल, तर एमएपी सेन्सरचा (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल विस्कळीत येतो. तिथे थ्रॉटल किती उघडला आहे त्यावर मॅप बांधा.

सेन्सर दाखवतो ती चारही सिलिंडरची सरासरी. म्हणून डायनोवर फुल लोडने गाडी पळवल्यानंतर लगेच इंजिन बंद करून चारही प्लग काढा आणि शेजारी ठेवून बघा. एकच पांढरट दिसला (म्हणजे तो सिलिंडर लीन आहे), तर आधी त्याचा इंजेक्टर तपासा. तो ठीक असेल तर दोष बहुधा प्लेनमच्या हवेच्या वाटपात आहे; तोवर त्या सिलिंडरचं पेट्रोल ईसीयूतून वेगळं वाढवा.

स्पार्क आणि उरलेलं. एकेक अंश पुढे घ्या. टॉर्क वाढायचा थांबला की थांबा. त्याआधीच नॉकिंगचा (मिश्रण अवेळी पेटल्याचा) आवाज आला, तर दोन अंश मागे या. मग लॅम्ब्डा पुन्हा तपासा. ॲक्सिलरेटर झटकन दाबल्यावर लागणारं जादा पेट्रोल त्यानंतर जुळवा. कोल्ड स्टार्टसाठी गाडी रात्रभर उभी ठेवावी लागते, त्यामुळे ते काम दुसऱ्या दिवशी सकाळीच होतं.