पावसाळाभर उभी असलेली बाइक बाहेर काढताय? या चुका टाळा

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की आमच्या सातारा-वाई भागात बऱ्याच जणांच्या बाइक ताडपत्रीखाली जातात. चार महिने कामावर जायला स्कूटर, नाहीतर एसटी. मग खंडेनवमीला ताडपत्री निघते, गाडी धुतली जाते, हार पडतो आणि दसऱ्याचं सोनं वाटून झालं की दुसऱ्याच दिवशी महाबळेश्वर, कास, नाहीतर खाली कोकणात उतरायचे बेत ठरतात. दरवर्षी याच आठवड्यात मला फोन सुरू होतात. "दादा, गाडी चालूच होत नाहीये." या फोनची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती पहिल्याच झटक्यात चालू झालेल्या गाडीची, कारण इंजिन सुरू झालं की लोक बाकी काही बघतच नाहीत. चार महिन्यांच्या ओलीनं बिघडतात ते ब्रेक, चेन, वायरिंग, टायरमधली हवा आणि चालवणाऱ्याचा हात. यातलं काहीच स्टार्टर दाबून कळत नाही.

ब्रेक न बघता घाट धरणं

माझ्या मते ही सगळ्यात वाईट चूक.

काही वर्षांपूर्वी दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही काही जण पाचगणीला निघालो होतो. गटातल्या एका मुलाची गाडी पत्र्याच्या शेडमध्ये पावसाळाभर उभी होती. आदल्या दिवशी धुतलेली, चकचकीत. पसरणी घाट चढताना तो म्हणाला, गाडी जरा ओढत नाहीये. कोणीतरी सांगितलं, बरेच दिवस उभी होती, होईल मोकळी. वर चहा झाला, फोटो झाले. उतरताना मी त्याच्या मागे होतो. अर्ध्या घाटात त्याचा ब्रेक लाइट सारखा लागतोय, पण वेग काही कमी होत नाही, हे मला मागून दिसत होतं. पुढच्या ब्रेकची लिव्हर थेट मुठीला टेकत होती. मागचा ब्रेक त्यानं पूर्ण दाबला होता, पण तेवढ्या उतारावर एकट्या मागच्या ब्रेकचं काम नाही. सुदैवानं त्याला गिअर उतरवायचं सुचलं. त्यानं गाडी डोंगराच्या बाजूच्या चरीत घातली आणि पडला. खांद्याजवळचं हाड मोडलं. दरीच्या बाजूला गेला असता तर काय, ते सांगायला नको.

गाडी नंतर उघडून बघितली. पुढचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो, त्या गंजून जाम झाल्या होत्या. त्यामुळे लिव्हर सोडली तरी पॅड डिस्कला घासतच राहत होते. घाट चढताना गाडी ओढत नव्हती ती यामुळे. त्यात ब्रेक ऑइल कितीतरी वर्षांचं, पार काळं झालेलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे. ओल शिरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. घासणाऱ्या पॅडनं आणि उतारावरच्या सततच्या ब्रेकनं ते उकळलं, नळीत वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते, ती जोर पुढे पोचवत नाही. म्हणून लिव्हर पोकळ लागली.

माझी सवय सांगतो. गाडी डबल स्टँडवर घ्यायची, कोणालातरी मागून दाबायला लावून पुढचं चाक उचलायचं आणि हातानं फिरवायचं. पॅडचा हलका आवाज आला तरी चाक मोकळं फिरलं पाहिजे. मग ब्रेक दाबून सोडायचा आणि पुन्हा फिरवायचं. आता चाक जड लागलं, तर गाडी गॅरेजलाच जाते, दुसरीकडे कुठेही नाही. मागचा ड्रम असेल तर पॅडल दाबून सोडल्यावर ते स्वतःहून पूर्ण वर येतंय का बघायचं. ड्रममधला कॅम सुकला की ते अर्ध्यातच राहतं. त्यानंतर घराजवळच पाच-सहा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून फिरायचं आणि डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे. चर्रर्र झालं तर ब्रेक धरून बसलाय. हात लावून बघू नका, भाजतं. डिस्कवर तांबूस गंजाचा पातळ थर दिसला तर घाबरायचं कारण नाही, दोन-चार ब्रेकमध्ये तो निघून जातो. आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, रंग कसाही असला तरी.

डिस्क चमकावी म्हणून तिच्यावर गंज काढायचा स्प्रे मारणारे लोक मी पाहिलेत. तो तेलकट असतो. तो डिस्कवरून पॅडमध्ये जातो आणि पॅड फेकून द्यावे लागतात.

इंजिन चालू ठेवून चेन पुसणं

गाडी डबल स्टँडवर, पहिला गिअर, चाक आपोआप फिरतंय आणि माणूस खाली बसून फिरत्या चेनला फडकं धरतोय. व्हिडिओत दिसतं, गॅरेजमध्येही दिसतं. अर्धा मिनिट वाचतो म्हणून करतात.

आमच्याच गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलानं खंडेनवमीच्या सकाळी हेच केलं. फडक्याचं टोक चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या (दातेरी चक्राच्या) दातात सापडलं आणि मागोमाग हात आत गेला. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही पहिल्या पेरापासून गेली. त्याला दवाखान्यात नेणाऱ्यांमध्ये मी होतो. त्याची आई वाटेत एकच विचारत होती, जोडता येतील ना? नाही आली. चेनमध्ये बोट कापलं जात नाही, चिरडलं जातं.

नुसत्या आयडलवर (रेस न देता) असली तरी पहिल्या गिअरमध्ये इंजिनाची सगळी ताकद त्या चेनवर असते. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. म्हणून इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला आणि किल्ली खिशात. चाक हातानं मागच्या दिशेला फिरवायचं आणि वीतभर वीतभर चेन पुसत जायची. गंज असेल तर रॉकेल आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश आणि पेट्रोल वापरू नका, कड्यांमधल्या रबरी रिंगा खराब होतात. सुकली की चेन ल्यूब किंवा साधं नव्वद नंबरचं ऑइल आतल्या बाजूनं लावायचं आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. नाहीतर ते उडून टायरवर जातं. एखादी कडी वाकत नसेल, ताठ राहत असेल, तर चेन संपली समजा. चेन किती सैल हवी ते स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर लिहिलेलं असतं. ते एका जागी नाही, चाक फिरवत तीन-चार जागी मोजा आणि जिथे सगळ्यात ताठ लागेल तिथलं माप धरा.

घाई असेल तर चेन घाणेरडी ठेवून जा. खरंच चालेल.

"मी दर रविवारी पाच मिनिटं चालू करतो"

हे सांगताना लोकांचा चेहरा गाडीची फार काळजी घेतल्यासारखा असतो, आणि नुकसान मात्र त्यानंच होतं. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही. जळताना तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि इंजिन ऑइलमध्येच राहतं. ऑइल बघायच्या काचेतून दुधाळ दिसायला लागतं, सायलेन्सर आतून गंजतो. आयडलवर बॅटरीही फारशी चार्ज होत नाही, उलट स्टार्टरनं खाल्लेलं परत भरून निघत नाही. चालू करायचीच असेल तर उघडीप बघून वीसेक किलोमीटर चालवून आणा. नाहीतर बॅटरीची वायर सोडा, आधी निगेटिव्ह, आणि गाडीला झोपू द्या. दुधाळ ऑइल दिसलं तर पहिल्या मोठ्या फेरीआधी बदला. रक्कम छोटी आहे.

चालू होत नाही म्हणून स्टार्टर दाबत बसणं

एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. त्या अर्ध्या मिनिटात डोकं चालवा.

आधी किल स्विच, म्हणजे हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच, बघा. धुताना तो हमखास बंद होतो. मग बॅटरी. मल्टिमीटर फार महाग नसतो, एक घरात असू द्या. बंद गाडीत १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर बॅटरी ठीक, १२.४ च्या आसपास असेल तर चार्जरला लावा, १२ च्या खाली असेल तर सध्या तरी तिच्यावर भरवसा ठेवू नका. इंजिन चालू झाल्यावर, रेस दिल्यावर, साधारण १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर बॅटरी बदलून उपयोग नाही, बिघाड चार्जिंगमध्ये आहे.

२०२० च्या एप्रिलनंतरच्या बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) गाड्यांपैकी बहुतेक फ्यूल इंजेक्शनच्या आहेत. किल्ली फिरवल्यावर टाकीतून दोनेक सेकंद पंपाची घूं ऐकू आली पाहिजे. नाही आली तर फ्यूज, नाहीतर वायर कुरतडलेली. उंदरांना पावसाळ्यात सीटखालची कोरडी जागा फार आवडते, तेव्हा सीट आणि एअर फिल्टरचं झाकण उघडून बघाच. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत उभं राहिलेलं पेट्रोल चिकट होऊन बारीक जेट बुजवतं. कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून बाटलीत जुनं पेट्रोल काढा, ताजं येऊ द्या, मग किक मारा. हे थंड इंजिनवरच करायचं आणि जवळ कोणी सिगारेट ओढत नसताना. आता पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमधलं वीस टक्के इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून टाकीच्या तळाशी पाणी साचायची शक्यता आधीपेक्षा वाढली आहे. पुढच्या जूनमध्ये गाडी ठेवताना टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा. आत हवाच नसेल तर ओल कुठून येणार?

चालू होते, पण गिअर टाकला की बंद पडते? साइड स्टँडचा स्विच चिखलानं जाम झालाय. धुवून, हलवून मोकळा करा. त्याची वायर कापून थेट जोडून देणाऱ्या मिस्त्रीकडे पुन्हा जाऊ नका.

पहिला गिअर टाकल्यावर गाडीनं उडी मारणं

बरेच दिवस उभ्या गाडीच्या क्लच प्लेटा एकमेकींना चिकटतात. तुम्ही क्लच दाबलेला असतो, पण आतून तो सुटलेलाच नसतो. पार्किंगमधून निघताना समोरच्या भिंतीवर गेलेल्या गाड्या अशाच जातात. इंजिन बंद ठेवून गिअर टाका, क्लच पूर्ण दाबा आणि गाडी मागेपुढे ढकला. चाक मोकळं झालं की प्लेटा सुटल्या. मगच न्यूट्रलला आणून चालू करा.

दसऱ्याच्या खास चुका

टायर पॉलिश रस्त्याला टेकणाऱ्या भागावर लावू नका, पहिल्याच वळणावर घसराल. टायर काळा नाही दिसला तरी पूजा होते. जोराच्या फवाऱ्यानं चाकांचे बेअरिंग आणि हँडलवरचे स्विच धुऊ नका. झेंडूचा हार हँडलला बांधून गाडी हलवू नका. तो थ्रॉटलमध्ये नाहीतर पुढच्या चाकात जातो. हेल्मेट आणि बूट झटकल्याशिवाय घालू नका, विंचू निघतो. किल्ली आत जात नसेल तर जोर करू नका, कुंभारीण माशीनं आत माती भरली असेल. हवा थंड टायरमध्ये भरा, अंदाजानं नाही. आणि टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतक्या जुन्या रबराची पकड गेलेली असते.

हात बसलेला नसताना गटाबरोबर निघणं

दहा वर्षं गाडी चालवणाऱ्यालाही चार महिन्यांनी ब्रेकचा अंदाज चुकतो. स्कूटरवर बसून बसून तर जास्तच, कारण उजवा पाय ब्रेक विसरलेला असतो. नवशिक्यांना हे पटत नाही. त्यांना ग्रुपवर फोटो टाकायचे असतात. बाजार नसेल त्या दिवशी बाजारतळावर अर्धा तास घालवा. तीसच्या वेगावरून दोन्ही ब्रेक एकत्र लावून थांबा, मग चाळीसवरून. पाय न टेकवता दोन्ही बाजूंना यू-टर्न घ्या. एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर गाडी निघाल्यावर त्याचा दिवा विझतो का बघा. नाही विझला तर सेन्सरवर चिखल असू शकतो. पहिली फेरी तीस-चाळीस किलोमीटरची, सपाट रस्त्यावर, एकट्यानं. गटात निघालात की पुढच्याचा वेग तुमचा वेग होतो.

रस्ताही जूनमधला राहिलेला नसतो. खड्डे बुजवून उरलेली खडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला साठते. घाटात जिथे ऊन पोचत नाही, तिथे शेवाळ नोव्हेंबरपर्यंत टिकतं आणि ओल दिसत नसली तरी घसरतं. गावाजवळ रस्त्यावरच सोयाबीन वाळत घातलेलं असतं. त्याच्यावरून जावंच लागलं तर सरळ जा, ब्रेक न लावता. आणि गळीत हंगाम सुरू झाला की अंधार पडल्यावर बाइक घेऊन या भागात बाहेर पडायचं मी टाळतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि बाहेर आलेल्या उसात तो कुठे संपतो तेच कळत नाही.

निघण्याआधी पीयूसी आणि विम्याची तारीख बघा. चार महिने गाडी बंद असली की यातलं एखादं बऱ्याचदा संपलेलं असतं. विमा संपून ९० दिवसांच्या वर गेले असतील तर नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट) जातो. तेव्हा पुढच्या वर्षी ताडपत्री टाकण्याआधीच ही तारीख फोनमध्ये लावून ठेवा.